शेऱ्यातला एक शब्द

नळदुर्गचा इतिहास सांगताना आम्ही १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरकडून निजामाच्या राज्यात शिरलेल्या भारतीय फौजेपाशी येऊन थांबतो. कोणत्याही युद्धातून जायबंदी होऊन परतलेल्या शिपायाचा पुढचा झगडा मात्र पाठ्यपुस्तकात येत नाही. तो असतो डॉक्टरांच्या शेऱ्याशी.

हा अविश्वास जुना आहे. फ्रान्सच्या आघाडीवरील हिंदी शिपाई स्वतःच हातावर गोळी झाडून घेतात, असा संशय पहिल्या महायुद्धात बळावला. १९१५ साली ब्रायटनच्या किचनर रुग्णालयातील कर्नल ब्रूस सीटन यांनी एक हजार जखमांची छाननी केली. संशयाला आधार सापडला नाही.

स्वातंत्र्यानंतर संशयाची भाषा सौम्य झाली, एवढेच. धरमवीर सिंग या शिपायाला १९९४ साली फेफऱ्यामुळे सैन्यातून मुक्त केले गेले. विकार प्रकृतिजन्य आहे, सेवेशी त्याचा संबंध नाही, असे वैद्यकीय मंडळाने लिहिले आणि अपंगत्व निवृत्तिवेतन नाकारले गेले. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मिळवून दिले. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर शिपाई तेव्हा निरोगी होता असे मानावे, पुराव्याचा भार त्याच्यावर टाकू नये आणि मंडळाने आपल्या मताची कारणे द्यावीत, असे न्यायालयाने बजावले.

डॉक्टरांनी शंका जरूर घ्यावी. पण एका विशेषणावर एखाद्याची उतारवयातली भाकरी अवलंबून असते, हे भाषेच्या शिक्षकांनी तरी विसरू नये, असे आम्हांस वाटते.