चिकाचा हलवा

पाहुण्यांत एक शाकाहारी, एकाला दूध चालत नाही, एकाला अंडं वर्ज्य. आणि गोड तर देखणं हवं. असा पेच पडला की मी अलिबागकडच्या बेने इस्राएल ज्यूंची पाककृती काढते. तेल गाळायचा त्यांचा धंदा, पण शनिवारी, म्हणजे त्यांच्या धर्मातल्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवत म्हणून कोकणात त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांच्या धर्मात मटणाच्या जेवणासोबत दूध वर्ज्य. मग सणाला गोड काय करायचं? नारळ दारातच होता. ‘नव्याच्या सणा’ला, म्हणजे रोश हशाना या ज्यू नववर्षाला, गहू भिजवून, वाटून, गाळून चीक काढायचा आणि साखर घालून नारळाच्या दुधात तासन्‌तास घाटायचा. हात थांबला की तळाला लागलाच! कडा सुटून गोळा फिरू लागला की थाळ्यात ओतायचा, वर बदाम-पिस्ते, मग वड्या. रंग गुलाबी किंवा हिरवा. मला विचाराल तर गुलाबीच. पुढे चिकाचा खटाटोप टाळायला चायना ग्रास आलं. ते समुद्री शेवाळाचं, त्यामुळे शाकाहाऱ्यांनाही चालतं. १९४८नंतर बहुतेक मंडळी इस्राएलला गेली, हलवाही गेला. तुम्ही करणार असाल तर पाहुण्यांना आधी गहू आणि सुकामेवा चालतो का, एवढं विचारून घ्या.