अंगातले उखळ

उखळ आता पुष्कळ घरांतून गेले. पण एक उखळ आपल्या प्रत्येकाच्या अंगात अजून शाबूत आहे. मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असते. ते खुब्याच्या खळग्यात बसून चहूबाजूंना फिरते. सुश्रुतसंहितेने या सांध्याला 'उलूखल', म्हणजे उखळ, असेच नाव दिले आणि खांद्याचा सांधाही त्यातच धरला. बोटे, गुडघा, कोपर यांचे सांधे 'कोर'. कवटीची हाडे जोडणारी नागमोडी रेघ 'तुन्नसेवनी', म्हणजे शिवण. असे एकंदर आठ प्रकार, आणि सांधे 210.

ही मोजणी घरी बसून खास झाली नाही. ग्रंथात रीतच सांगितली आहे. मृत देह मुंज गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात ठेवावा. सात रात्रींनी काढून वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंचल्याने हळूहळू घासावा, आणि एकेक थर डोळ्यांनी पाहावा.

एक शब्द मात्र इथे जपून घ्यायला हवा. आज आपण मांसाच्या दोरखंडाला स्नायू म्हणतो. सुश्रुतसंहितेत त्याला पेशी म्हटले आहे. स्नायू म्हणजे हाडे बांधणारे बंध. फळ्या घट्ट बांधल्या म्हणजे नाव जशी ओझे पेलते, तसे या बंधांमुळे शरीर भार पेलते, असा दाखला तिथे आहे.

बांधणी समजली; पण हाड ओढायला जोर किती लागतो? हे गणित इटलीतील बोरेल्ली या गणितज्ञाने मांडले. त्याचा ग्रंथ 1680 साली छापून निघू लागला. दंडाचा स्नायू कंडरेने पुढच्या हाताच्या हाडाला चिकटतो, तो कोपरापासून जेमतेम दोन इंचांवर. वजन असते तळहातावर, दूर. म्हणून एक किलोचा लोटा तोलून धरताना स्नायूला सुमारे सात किलोंची ओढ द्यावी लागते. मोबदल्यात स्नायू बोटभर आखडला की तळहात वीतभर उचलला जातो.

आणि आपल्याकडे? पुढे प्रेताला हात लावणे विटाळाचे मानले गेले. पोथी पाठ होत राहिली, पाहणे थांबले. 1836 साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात पंडित मधुसूदन गुप्त यांनी शवच्छेदनासाठी सुरी हाती घेतली. हे वैद्य सुश्रुतसंहिता छापून काढणाऱ्यांपैकीच होते! त्यांनी पोथी टाकली नाही. पोथीने सांगितलेले काम तेवढे पुन्हा सुरू केले.

गुरुजी, उद्या वर्गात मुलाच्या हाती भरलेला लोटा द्या, आणि दुसऱ्या हाताने त्याला स्वतःचा दंड चाचपू द्या. आकृती मग फळ्यावर काढा.