वस्तीतील मांजर : मोकाट जनावरांच्या बंदोबस्ताच्या इतिहासातील एक उपेक्षित प्रकरण

नागरी वस्तीत मनुष्याच्या आश्रयाने, परंतु मनुष्याच्या ताब्यात न राहता, वावरणाऱ्या जनावरांत गाय, कुत्रा व मांजर ही तीन प्रमुख होत. यांपैकी पहिल्या दोहोंच्या बंदोबस्ताचा इतिहास दप्तरांतून सापडतो. मोकाट गुरांसाठी कोंडवाडा होता आणि १८७१ च्या कायद्याने त्यास निश्चित स्वरूप आले. कुत्र्यांसाठी हुकूम निघाले, इनामे लागली, प्रसंगी दंगेही झाले. मांजरासाठी मात्र कोंडवाडा नव्हता, परवाना नव्हता आणि इनामही नव्हते. वास्तविक, उपद्रव व उपयोग या दोन्ही दृष्टींनी मांजराचा वस्तीशी असलेला संबंध गायीइतकाच निकटचा आहे. असे असता शासनव्यवहारात त्याची नोंद इतकी तुटपुंजी का राहिली, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे. त्यासाठी भाषा, आचार व आरोग्यव्यवस्था या तीन प्रकारच्या पुराव्यांचा आधार घेतला आहे.

प्रथम भाषेचा पुरावा पाहू. मराठीतील 'मांजर' हा शब्द संस्कृत 'मार्जार' या शब्दापासून प्राकृताच्या द्वारे आला, हे सर्वमान्य आहे. बाराव्या शतकातील हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात 'मार्जार' शब्दाची 'मंजर' व 'वंजर' अशी रूपे नमूद आहेत. कोकणीतील 'माजर' हाही त्याच कुळातला शब्द होय. उलटपक्षी, हिंदीतील 'बिल्ली' व गुजरातीतील 'बिलाडी' हे शब्द 'बिडाल' या दुसऱ्या संस्कृत शब्दाच्या परंपरेतील आहेत. 'मार्जार' शब्दाची परंपरागत व्युत्पत्ती 'मृज्' म्हणजे स्वच्छ करणे या धातूपासून लावतात. स्वतःचे अंग सतत चाटून पुसून घेणारा प्राणी, असा तिचा आशय आहे.

व्युत्पत्तीपेक्षाही शब्दाचे लिंग व त्याच्याबरोबर येणारे क्रियापद अधिक बोलके आहे. मराठीत जातिवाचक 'मांजर' नपुंसकलिंगी असून नरास 'बोका' व मादीस 'भाटी' असे स्वतंत्र शब्द आहेत. कुत्र्याविषयी बोलताना 'त्यांनी कुत्रा पाळला आहे' असे आपण म्हणतो. मांजराविषयी मात्र 'आमच्याकडे एक मांजर येते' हाच प्रयोग अधिक स्वाभाविक वाटतो. पहिल्या वाक्यात कर्ता मनुष्य आहे, दुसऱ्यात मांजर. स्वामित्वाची कल्पना येथे इतकी शिथिल आहे की, 'मोकाट' हे विशेषणही मांजरास पूर्णतः लागू पडत नाही. जे कधी बांधलेलेच नव्हते, ते मोकाट सुटले असे म्हणता येत नाही. कोंडवाड्याची संस्था जनावराचा धनी शोधून त्यास दंड करण्याच्या तत्त्वावर उभी आहे. ज्यास धनीच नाही, त्यास कोंडून दंड कोणाकडून वसूल करावयाचा?

या शिथिल संबंधाची प्राचीनता सूचित करणारा एक अवशेष सिंधमधील चन्हुदडो येथे उपलब्ध झाला आहे. १९३५-३६ च्या उत्खननात अर्नेस्ट मॅके यांस तेथे एक वीट सापडली. तिच्यावर, ती ओली असताना उमटलेले, मांजराचे व कुत्र्याचे पाय दिसतात. कुत्रा मांजराच्या मागे लागला असावा, असा अर्थ मॅके यांनी लावला. ते मांजर माणसाळलेले होते की रानातील, हे त्या ठशांवरून ठरत नाही. तथापि विटा वाळत घातलेल्या अंगणात त्याचा वावर होता, एवढे निश्चित म्हणता येते.

आता आचाराचा पुरावा. धर्मशास्त्रात मांजराविषयीची वृत्ती द्विविध आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात दांभिक मनुष्यास मांजराच्या नावाने ओळखले असून त्याच्या व्रतास बैडालव्रत म्हटले आहे. महाभारताच्या उद्योगपर्वातील तपस्वी मांजराची कथा याच कल्पनेचा विस्तार होय. सातव्या शतकात महाबलीपुरम येथे कोरलेल्या भव्य शिल्पपटातही एका पायावर उभे राहून तप करणारे मांजर व त्याच्या सभोवती जमलेले उंदीर दिसतात. परंतु त्याच मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात मांजर, मुंगूस, बेडूक, कुत्रा, घुबड, कावळा इत्यादींच्या वधाबद्दल प्रायश्चित्त सांगितले आहे. म्हणजे ज्याच्यावर विश्वास ठेवू नये, त्यास मारूही नये, अशी ही भूमिका आहे.

लोकाचाराने यांपैकी दुसरा अंश अधिक दृढपणे धरून ठेवला. मांजर मारल्यास काशीस जाऊन सोन्याचे मांजर दान करावे लागते, ही समजूत महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. सोन्याचे मांजर सामान्य कुटुंबास परवडणारे नव्हते, आणि या समजुतीचे सामर्थ्य नेमके त्यातच होते. परिणामी दूध सांडणाऱ्या किंवा माळ्यावर पिले घालणाऱ्या मांजराचा बंदोबस्त करण्याचा एकच मार्ग उरला. त्यास पोत्यात घालून नदीपलीकडे किंवा दुसऱ्या आळीत सोडून यावयाचे. या उपायाने वधाचे पाप टळत असे, परंतु उपद्रव नाहीसा न होता एका आळीतून दुसऱ्या आळीत जात असे. पुष्कळदा तेच मांजर दोन-चार दिवसांनी परतही येई. दूर नेलेल्या पिलांचे पुढे काय होते, हा प्रश्न मात्र या आचाराने कधी विचारला नाही. हिंसा टाळल्याचे समाधान आणि हिंसेचे दृष्टिआड होणे या दोहोंतील अंतर येथे फार थोडे आहे.

कुत्र्यांच्या बाबतीत घडलेला इतिहास याहून अगदी भिन्न आहे. मुंबईत कंपनी सरकारने भटकी कुत्री मारण्याचा हुकूम काढून दर कुत्र्यामागे इनाम ठेवले होते. १८३२ च्या जून महिन्यात या मोहिमेने कोट भागातील पारशी वस्तीत क्षोभ उत्पन्न केला. झरथुष्ट्री धर्मात कुत्र्यास पवित्र मानतात आणि अंत्यविधीतही त्यास स्थान आहे. पोलिसांवर हल्ले झाले, दुकाने बंद पडली, लष्कराच्या रसदीत अडथळा आला आणि अखेरीस सैन्य बोलावावे लागले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने मुंबईचे पांजरपोळ स्थापन झाले. म्हणजे राज्यसत्तेने वधाचा मार्ग धरताच समाजाने त्यास संस्थात्मक पर्याय उभा केला. मांजरावर असा हुकूम निघाला नाही, त्यामुळे त्याच्यासाठी असा संघर्षही झाला नाही. ज्या प्राण्यावर सत्तेने हात उगारला नाही, त्याची नोंद दप्तरात होण्याचे कारणच पडले नाही.

ही उपेक्षा प्रथम भंग पावली ती प्लेगच्या निमित्ताने. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकॅशियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढील पंचवीस वर्षांत या रोगाने हिंदुस्थानात एक कोटीच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. प्रारंभी रोगाचा प्रसार घाणीने व स्पर्शाने होतो, अशा समजुतीने घरांची झडती, सामानाची जाळपोळ व रोग्यांचे विलगीकरण या उपायांवर भर होता. पुण्यात त्यातून उद्भवलेल्या असंतोषाचे पर्यवसान २२ जून १८९७ रोजी रँडवरील गोळीबारात झाले, हे सुपरिचित आहे.

प्लेगच्या प्रसाराचे खरे स्वरूप उलगडण्याच्या क्षणी मांजर प्रत्यक्ष उपस्थित होते, ही गोष्ट मात्र तितकीशी परिचित नाही. फ्रेंच वैद्य पॉल-लुई सिमाँ यांनी जून १८९८ मध्ये, तत्कालीन मुंबई इलाख्यातील कराची येथे, आपला निर्णायक प्रयोग केला. रोगट उंदीर व निरोगी उंदीर यांचा परस्परांशी स्पर्श होऊ न देता, केवळ पिसवांच्या द्वारे रोग संक्रमित होतो, हे त्यांनी दाखविले. त्या प्रयोगासाठी पिसवा कमी पडू नयेत म्हणून त्यांनी आपल्या उतरण्याच्या हॉटेलात घुटमळणाऱ्या एका मांजराच्या अंगावरील पिसवा घेतल्या होत्या. सिमाँचा निष्कर्ष लगेच मान्य झाला नाही. मुंबईत ग्लेन लिस्टन यांनी उंदरावरील पिसवांचा अभ्यास करून १९०५ साली आपले निबंधवाचन प्रसिद्ध केले आणि त्यानंतरच्या प्लेग संशोधन आयोगाच्या प्रयोगांनी हे मत स्थिर झाले.

उंदीर हे मूळ ठरताच उंदीर मारण्याच्या मोहिमा सुरू झाल्या. परंतु गणपतीचे वाहन मानलेल्या प्राण्याचा वध करण्यास पुष्कळांची मनोवृत्ती अनुकूल नव्हती, आणि जैन व वैष्णव व्यापाऱ्यांचा तर जीवहत्येसच विरोध होता. अशा परिस्थितीत मध्यप्रांतात काम केलेले इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील अधिकारी अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी मांजराकडे लक्ष वेधले. १९०८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधील लेखात त्यांनी मांजरास प्लेगप्रतिबंधक म्हणून पुढे आणले. ज्या गावांत मांजरे पुष्कळ, तेथे प्लेग कमी, असे त्यांच्या निरीक्षणाचे सार होते. या सूचनेत एक सामाजिक सोयही अंतर्भूत होती. मांजराने उंदीर मारल्यास त्याचे पाप घरधन्यास लागत नाही. आचाराने रक्षिलेला प्राणी येथे प्रथमच सार्वजनिक आरोग्याचा सेवक म्हणून कल्पिला गेला.

ब्यूकॅनन यांच्या निष्कर्षाचे मूल्यमापन करताना दोन गोष्टी ध्यानात घेणे अवश्य आहे. पहिली गोष्ट पद्धतीची. दोन गावांत मांजरांच्या संख्येखेरीज धान्याची कोठारे, घरांची बांधणी, बाजारपेठेशी असलेले दळणवळण हेही भेद असतात. यांतील कोणता भेद रोगाच्या न्यूनाधिक्यास कारण झाला, हे केवळ गावांच्या तुलनेवरून ठरत नाही. दुसरी गोष्ट उंदराच्या जातीची. प्लेग आयोगाने घरात, कौलांत व माळ्यावर राहणारा काळा उंदीर आणि गटारांत राहणारी मोठी घूस-उंदराची जात यांत स्पष्ट भेद केला होता. खेड्यातील घरात मांजराची गाठ मुख्यत्वे पहिल्याशी पडते. मुंबईसारख्या शहरात दुसऱ्याचाही भरणा मोठा होता, आणि अंगाने थोराड अशा त्या प्राण्यास मांजर सहसा सामोरे जात नाही. २०१८ साली न्यूयॉर्कमधील एका केंद्रात केलेल्या निरीक्षणाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ७९ दिवसांच्या चित्रीकरणात तेथील भटक्या मांजरांनी केवळ २ मोठे उंदीर मारल्याचे त्यात आढळले. यावरून वऱ्हाड-नागपुराकडील खेड्यात जे कदाचित खरे असेल, ते मुंबईच्या गटारांस लागू पडणे शक्य नव्हते, असे अनुमान काढता येते.

याहून गंभीर आक्षेप पुढील संशोधनाने पुढे आणला. मांजर स्वतःच प्लेगला सहज बळी पडते व त्याच्यापासून मनुष्यास संसर्ग होऊ शकतो. अमेरिकेच्या पश्चिम भागात १९७७ ते १९९८ या काळात मांजरांमुळे मनुष्यास प्लेग झाल्याची २३ उदाहरणे नोंदली गेली व त्यांतील ५ रोगी दगावले. म्हणजे ज्यास रक्षक म्हणून घरात घ्यावयाचे, तोच वाहक ठरण्याचा संभव होता. या कारणाने ब्यूकॅनन यांस दोष देणे मात्र अनैतिहासिक होईल. सक्तीच्या उपायांनी जनता दुरावली असता, लोकांच्या आचाराशी जुळणारा उपाय त्यांनी शोधला, हे त्यांचे वैशिष्ट्य नाकारता येत नाही.

प्लेग ओसरल्यावर मांजर पुन्हा दप्तराबाहेर गेले. प्राण्यांस क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. भटक्या कुत्र्यांच्या नाशासंबंधी त्यात स्पष्ट तरतूद आली, मांजराचा तेथे उल्लेख नाही. उपासमारीने किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत कोणतेही जनावर सोडून देणे हा मात्र याच कायद्याच्या अकराव्या कलमाने अपराध ठरला. पोत्यात घालून मांजर दूर सोडण्याच्या जुन्या आचारास कायद्याने दिलेले हे अप्रत्यक्ष उत्तर होय. पुढे २००१ साली कुत्र्यांच्या प्रजननास आळा घालण्याचे नियम झाले व २०२३ साली ते नव्याने करण्यात आले. मारण्याऐवजी शस्त्रक्रियेने संख्या मर्यादित करून जनावरास त्याच्याच जागी परत सोडणे, हे त्यांतील तत्त्व आहे.

हेच तत्त्व मांजराच्या बाबतीत अधिक समर्पक का ठरते, याचे कारण त्याच्या जीवनक्रमात आहे. मादी पाच-सहा महिन्यांत वयात येते, गर्भकाळ सुमारे नऊ आठवड्यांचा असतो आणि वर्षातून एकाहून अधिक वेळा ती विते. त्यामुळे वस्तीतून काही मांजरे हलविली, तरी अन्न व आडोसा शिल्लक असेपर्यंत ती जागा अल्पावधीत पुन्हा भरून येते. चाळीच्या जिन्याखालील किंवा सहकारी गृहसंस्थेच्या आवारातील मांजरांवरून होणारे तंटे बहुधा खाऊ घालणारे व हाकलू पाहणारे अशा दोन पक्षांत असतात. केवळ खाऊ घालण्याने संख्या वाढते आणि केवळ हाकलण्याने ती कमी होत नाही. दोन्ही पक्षांच्या उपायांत प्रजननाचा विचार नसतो, हे त्यांतील साम्य आहे.

सारांश, महाराष्ट्रातील वस्तीने मांजराचा प्रश्न तीन प्रकारे हाताळला. आचाराने त्यास मारू दिले नाही, पण दूर सोडण्याची मुभा दिली. प्लेगच्या काळातील आरोग्यविचाराने त्यास उपयुक्त ठरविले, पण त्या उपयुक्ततेच्या मर्यादा तपासल्या नाहीत. कायद्याने सोडून देणे निषिद्ध केले, पण त्याच्या जागी काय करावे, हे बराच काळ सांगितले नाही. या तिन्ही अवस्थांत एक गोष्ट समान आहे. मांजर कोणाचे, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. भाषेने त्याचे उत्तर पूर्वीच देऊन ठेवले होते. जे कोणा एकाचे नसून घरोघर 'येते', त्याची जबाबदारीही एका घराची नसून सर्व आळीची असते. बंदोबस्ताचा कोणताही उपाय हे सत्य गृहीत धरूनच योजावा लागेल.