खांदेरीची पहाटफेरी

पायातले काढा. हातात नको, इथेच माडाच्या बुंध्याशी ठेवा. नावेत वहाण चालत नाही. बाकीच्यांनीही काढून ठेवल्या आहेत, बघा: घाटावरच्या जाडजूड, खिळे मारलेल्या आठ जोडी. संध्याकाळी परत आलात की उचलायच्या.

तुम्ही थळच्या पुळणीवर उभे आहात. शके १६०१, कार्तिक शुद्ध अष्टमी. आपल्या हिशेबाने १६७९ सालचा नोव्हेंबर. दिवाळी होऊन आठवडा झाला. अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच मावळला आणि उजाडायला अजून तीन-चार घटका आहेत. आजची पहाट निवडली ती या अंधारासाठी. वाळू थंडगार लागते. वलांडीवर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास एकदा नाकात बसला की बसला. समोर पाण्यात कमरेइतक्या खोलीवर मचवा डुलतो आहे. एक डोलकाठी, तिच्यावर तिरकी टांगलेली लांबलचक परबाण, परबाणीला गुंडाळलेले सुती शीड.

बरोबरचे आठजण पाथरवट आहेत. देशावरून घाट उतरून आलेत, समुद्र पाहिला तो परवा. एकाने ओंजळभर पाणी तोंडात घेऊन बघितले आणि लगेच थुंकले. म्हणजे नावेत बसायला तुम्ही जितके नवखे तितकेच तेही. यात थोडा दिलासा आहे, घ्या.

आज शिडाच्या होडीतून एका दिवसाच्या सहलीला गेलात तर आधी अंगात नारिंगी जाकीट चढवतात, मग अर्धा तास कुठल्या दोराला काय म्हणायचे ते सांगतात. इथली शिकवणी तीन वाक्यांत आटोपते. नाखवा सुकाणूपाशी उकिडवा बसलेला, तिथूनच बोलतो.

"बसलेल्यानं उठायचं नाय. परबाण हलली का डोकं खाली. आणि चुन्याला पानी लागता नये."

तिसरे वाक्य तो दोनदा म्हणतो.

मचव्याच्या पोटात गोणी रचल्या आहेत, वर माडाचे झाप घातले आहेत. शिंपले भाजून केलेला कळीचा चुना. यावर पाणी पडले की तो फुलतो, तापतो, वाफ सोडतो. भरपूर भिजला तर गोणीही पेटेल आणि खालची फळीही. समुद्रातून न्यायला याहून अडाणी माल शोधून सापडणार नाही. पण समोरच्या बेटावर तट उठतो आहे आणि तटाला चुना लागतो. तेव्हा तुम्हां नवख्यांचे काम ठरलेले आहे: दोन्ही काठांना पाठ टेकून, एकमेकांना खेटून बसायचे. तुषार उडाले तर ते तुमच्या पाठीवर उडावेत. आजच्या दिवसापुरती तुम्ही एक भिंत आहात.

बसलात? आता काहीच होत नाही.

बराच वेळ काहीच होत नाही. खलाशी पेंगतो. नाखवा मान वर करून बसला आहे. मृग पश्चिमेकडे कलला, त्याच्या मागे व्याध लखलखतोय, पण तो तारे बघत नाही. त्याचा ओला गाल जमिनीच्या दिशेला आहे. मघाशी त्याने पाण्यात हात बुडवून तो गालाला फासला, ते उगाच नव्हे. रात्रभर जमीन थंड होत जाते, पाणी मात्र ऊब धरून राहते, आणि पहाटेच्या सुमाराला डोंगराकडून समुद्राकडे वारा सुटतो. हा मतलई. दुपारी जमीन तापली की उलटा, समुद्राकडून येतो तो खारा. पावसाळा संपल्यापासून होळीपर्यंत या किनाऱ्याचे सगळे येणेजाणे या दोन वाऱ्यांच्या पाळीवर चालते. जाताना मतलई, येताना खारा. वाऱ्याच्या तोंडावर नाव घालायची हौस इथे कुणाला नाही.

दुसरा हिशेब पाण्याचा. पुनवेला आणि अवसेला या भागात भरती बाराच्या सुमाराला भरते. पुढे रोज साधारण दोन घटका उशीर. म्हणून तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो, हा हिशेब आजही किनाऱ्यावर तोंडपाठ असतो. अष्टमीची पाऊणपट सहा. म्हणजे आज सूर्योदयाच्या अलीकडे पाणी पूर्ण चढलेले असेल, थळसमोरच्या खडपांवरून मचवा अलगद निघेल आणि बेटाच्या खडकांनाही लागता येईल. त्यात अष्टमीला भांगाची भरती, उधाणासारखी ओढ नाही. अंधार, वारा, पाणी या तिन्ही गोष्टी एका पहाटेत बसवायच्या तर पंधरवड्यातून दोन-चार दिवस मिळतात. मला विचाराल तर नाखव्याची विद्या हातात थोडी आणि पंचांगात जास्त आहे.

गालाला काहीतरी लागले. तुम्हालाही कळले ना?

कुणी ओरडत नाही. नांगर ओल्या सुंभासकट वर येतो, शीड सुटते, एकदा फडफडते आणि पोट भरून घेते. मचवा जरासा कलतो. पाथरवटांपैकी एकजण सवयीने उठू बघतो. खलाशी त्याच्या खांद्यावर पाय ठेवून त्याला खाली बसवतो. रागाने नाही, ओंडका दाबावा तसा. किनारा मागे सरकतो आहे हे डोळ्यांना दिसत नाही. बोंबलांचा वास विरळ होतो, त्यावरून ओळखायचे.

मागून वारा घेऊन चाललेल्या नावेत तो जवळजवळ लागतच नाही, याचे पहिल्यांदा बसणाऱ्याला नवल वाटते. वारा मागून आणि तुम्हीही त्याच्याबरोबर, सगळे स्तब्ध. फक्त फळ्यांखाली पाणी बोलते. आणि मग पोटात ढवळायला लागते. आपण याला बोट लागणे म्हणतो. इथे 'बोट' हा शब्द अजून हाताच्या पाचांपुरताच आहे, पण तोंडाला सुटणारे पाणी तेच. क्षितिज बघा म्हणावे तर अंधारात क्षितिज नाही. शेजारचा पाथरवट आपला हातोडा दोन्ही मुठींत घट्ट धरून बसला आहे. त्याचा तेवढाच ओळखीचा ऐवज.

उजव्या हाताला एक काळी गाठ पाण्यातून वर आलेली दिसते. ती उंदेरी. आज तिथे कुणी नाही. दोन महिन्यांनी जंजिऱ्याचा सिद्दी तिच्यावर तोफा चढवील आणि पुढे कित्येक वर्षे उंदेरी आणि खांदेरी एकमेकींवर गोळे टाकत राहतील. हे तुम्हाला ठाऊक आहे, नावेत कुणालाच नाही. आणखीही एक गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे: ज्या शिवाजीराजांच्या हुकमाने हा चुना चालला आहे ते पुढच्या चैत्री पुनवेला असणार नाहीत. तोंड मिटून बसा.

पुढे, उत्तरेकडे, दोन दिवे. एकदम कुणी बोलेनासे होते.

ते टोपीकरांचे. मुंबई इंग्रज कंपनीच्या हाती येऊन अकरा वर्षे झाली, आणि खांदेरी मुंबई बंदराच्या तोंडाशी उभी आहे. तिथे मराठ्यांचा तट उठला तर बंदरात शिरणारे प्रत्येक गलबत त्याच्या नजरेखालून जाणार. म्हणून पाऊस सरता सरता मराठ्यांच्या आरमारातला मायनाक भंडारी माणसे घेऊन बेटावर उतरला तेव्हापासून इंग्रजांनी त्याला वेढले आहे. बरोबर पंधरवड्यामागे त्याच आरमाराच्या दौलतखानाने चाळीस-पन्नास नावा त्यांच्या आठ गलबतांवर घातल्या. त्यांची 'डव्ह' नावाची गुराब मराठ्यांच्या हाती लागली, बाकीची पांगली. इंग्रजांचा कप्तान कीग्विन ज्यावर होता ते 'रिव्हेंज' मात्र एकटे तोंड देत राहिले आणि त्याच्या तोफांनी मराठ्यांच्या काही नावा बुडवल्या. बखरकार, इतिहासकार सगळे त्या एका सकाळीवर पाने खर्चतात. मला ते पटत नाही. लढाईनंतर वेढा उठला नव्हताच. खांदेरी तगली ती अशा पहाटफेऱ्यांवर, चुना, तांदूळ आणि गोड्या पाण्याच्या घागरी नेणाऱ्या लहान नावांवर. मोठ्या गलबताला खोल पाणी आणि भरपूर वारा लागतो. या नावांना यातले काहीच फारसे लागत नाही. वारा पडला तर वल्ही आहेत.

नाखवा सुकाणू किंचित दाबतो. तेवढ्या वळणाने एक लाट काठावर चढते आणि चारजणांच्या पाठी गारेगार भिजतात. तुमचीही. पण पाचव्या जागी फट होती. तो मघाचा, उठू बघणारा, पोट धरून पुढे वाकला होता.

आधी वास येतो. ओल्या भिंतीसारखा, पण ऊन. मग झापाखालून पांढरट वाफेची दोरी निघते. चुन्यावर पाणी टाकून काही साधत नाही, उलट आग वाढते, आणि दिवे समोर आहेत म्हणून आवाज करता येत नाही. खलाशी झाप उचलतो, चाचपून एक गोण उपसतो. हात भाजतो तशी त्याच्या दातांतून हवा निघते. गोण काठावरून समुद्रात. पाण्यात ती फसफसते, अंधारात थोडा वेळ पांढरे दिसत राहते. सगळे त्या पांढऱ्याकडे बघतात, मग दिव्यांकडे. दिवे हलत नाहीत. पाचव्या जागेवरचा गडी मुकाट्याने पाठ सरळ करून बसतो. त्याला कुणी काही बोलले नाही. बोलले असते तर बरे, असे त्याचे तोंड झाले आहे.

उजाडते तेव्हा खांदेरी अंगावर आलेली असते. दोन टेकड्या, मधे खोलगट, कडेने काळे खडक. उतरताना पाय जपा. खडकांना चिकटलेली कालवे वस्तऱ्यासारखी कापतात, आणि वहाणा तर थळला माडाखाली आहेत.

इथे मात्र उलटापालट होते. नावेत ओझ्यासारखे बसलेले आठजण दगडावर पाय पडताच माणसात येतात. त्यातला म्हातारा काठाच्या शिळा हातोडीने वाजवत चालतो, कान देऊन. ठक्, ठक्. मग एका शिळेवर घाव पडतो आणि घंटा वाजावी तसा आवाज निघतो. पुन्हा मारतो, पुन्हा तसाच. सगळे बेट मान वळवून बघते. "हिला हात लावायचा नाही," म्हातारा म्हणतो. ती शिळा अजून आहे. आजही खांदेरीवर जाणारा प्रत्येकजण ती वाजवून बघतो, आणि १८६७ सालच्या दीपगृहापेक्षा तिची आठवण जास्त काढतो. २०२५ साली मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत खांदेरी आहे.

पाण्यालगतच्या थरात चुना घालू नका, असेही म्हातारा सांगतो. मोठाले दगड नुसते रचायचे, लाट फटींतून आत शिरेल, दम खाईल, परत जाईल. असे सांधे बघायचे असतील तर अलिबागच्या कुलाब्याला जा, तिथे ते आजही उघडे दिसतात. चुना वरच्या कामाला. दिवसभर तुम्ही गोणी वाहता, दुपारी तांदळाची भाकरी आणि सुका बोंबील खाता, आणि ज्या वासाने पहाटे मळमळले त्याच बोंबलाचा दुसरा तुकडा मागून घेता.

ऊन कलले. खारा सुटला. नाखवा रिकाम्या घागरी नावेत चढवून घेतो, हात भाजलेल्या खलाशाला नाळेशी बसवतो. तुम्हीही चढता. पाथरवट चढायला येतात तेव्हा बेटावरचा कारकून त्यांना थांबवतो. तट होईस्तोवर त्यांनी इथेच राहायचे आहे. हे त्यांना थळला कुणी सांगितले नव्हते. आठजण खडकावर उभे राहतात. पाचव्या जागेवरचा तो ओरडून एवढेच म्हणतो, "वहाणा धाडून द्या!"

परतीची वाट उजेडातली. उत्तरेकडून इंग्रजांचे एक शिबाड तुमच्या रोखाने वळते आणि वाढत वाढत जाते. नाखवा वेग वाढवत नाही, नुसता खडपांकडे तोंड करतो. चढत्या भरतीने खडपांवर पाणी आले आहे, पण मचव्यापुरतेच. तळाला काहीतरी एकदा खरवडल्यासारखे होते. मागे बघा: शिबाड थांबले, फिरले.

आज थळहून इंजिनाच्या होडीने खांदेरीला जाता येते. हिवाळ्यात जा, आणि निघायची वेळ घड्याळावर न ठरवता होडीवाल्या कोळ्याला विचारून ठरवा.

माडाच्या बुंध्याशी नऊ जोड आहेत. तुमचा पायात घाला, बाकीचे आठ एका झापात बांधून नाखव्याच्या हाती द्या. पुढचा मचवा उद्या पहाटे, आजच्यापेक्षा दोन घटका उशिरा.