उतारा

मद्याने आजारी पडलेला पहिला रुग्ण कोण, असे कोणी विचारले तर आमच्या परंपरेने त्याचे नाव नोंदवून ठेवले आहे. तो देवांचा राजा इंद्र. शतपथ ब्राह्मणात कथा येते ती अशी: त्वष्ट्याच्या मुलाला, विश्वरूपाला, इंद्राने मारले. संतापलेल्या त्वष्ट्याने सोमयाग आरंभला आणि इंद्राला त्यातून वगळले. इंद्र आमंत्रणाची वाट पाहणाऱ्यांपैकी नव्हता. त्याने बळजबरीने तो सोम पिऊन टाकला. त्या सोमाने त्याला इजा केली, त्याच्या शरीराच्या द्वारांवाटे तो बाहेर वाहू लागला आणि त्याबरोबर त्याचे बळ व तेजही गेले. अखेर अश्विनीकुमार आणि सरस्वती यांनी त्याच्यावर उपचार केले. त्या उपचाराचे यज्ञरूप म्हणजे सौत्रामणी. गंमत अशी की, या यज्ञात जे हविर्द्रव्य लागते ते सुरा. म्हणजे एका मादक पेयाने झालेल्या विकारावर दुसऱ्या मादक पेयाचा उतारा. पुढच्या अडीच हजार वर्षांत वैद्यांनी, कवींनी आणि मद्यपींनी ज्या प्रश्नाचा काथ्याकूट केला, त्याचे बीज या एका कथेत सापडते.

मद्यपानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जे भोगावे लागते, त्याला मराठीत आज चालता शब्द नाही. आम्ही 'हँगओव्हर' म्हणून मोकळे होतो. खरे तर एक शब्द आमच्या दाराशी आला होता. अरबी-फारसीतील 'ख़ुमार' म्हणजे नेमकी हीच अवस्था, मद्य उतरल्यानंतरची डोकेदुखी आणि ग्लानी. परंतु मराठीत येता येता तो 'खुमारी' झाला आणि त्याचा अर्थच पालटला. आम्ही गाण्याची खुमारी म्हणतो, लेखनशैलीची खुमारी म्हणतो. दुखण्याचे नाव सुखाला देऊन टाकणाऱ्या भाषेला त्या दुखण्यासाठी पुन्हा परभाषेत हात पसरावा लागला, ही तिची शिक्षाच म्हणायची. मराठी वाङ्मयानेही या सकाळीकडे फारसे पाहिलेले नाही. खाडिलकरांच्या 'विद्याहरणा'त शुक्राचार्यांचे मद्यपान आहे, गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'ने तळीराम हे विशेषनाम सामान्यनाम करून टाकले. मात्र तेथे मद्य दिसते ते सर्वनाशाच्या मोठ्या पटावर. जड डोके, कोरडा घसा आणि मिटू न शकणारे डोळे यांना आमच्या रंगभूमीवर प्रवेश मिळाला नाही.

ते सारे पाहिले आमच्या वैद्यांनी. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात पानात्ययावर स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यात मद्यजन्य विकारांचे चार प्रकार सांगितले आहेत: पानात्यय, परमद, पानाजीर्ण आणि पानविभ्रम. त्यांतील परमदाची लक्षणे वाचावीत. अंग जड होणे, तोंडाची चव जाणे, अन्नावरची वासना उडणे, तहान, डोकेदुखी, सांधे फुटल्यासारखे वाटणे. रविवारी सकाळी कोणत्याही शहरात हे वर्णन जसेच्या तसे लागू पडेल. पानाजीर्णात पोटफुगी, आंबट ओकारी आणि जळजळ. लिहिणाऱ्याने रुग्ण जवळून पाहिले होते, याविषयी शंका उरत नाही.

चरकाचा मदात्यय-चिकित्सेचा अध्याय मात्र याहून वेगळ्या थाटाचा आहे. रोगाचा अध्याय म्हणून उघडावा तो सुरुवातीला सुरेची स्तुती! देवांनी पूजिलेली, सौत्रामणीत जिचे हवन होते ती सुरा, असा तिचा गौरव. मग स्नान करून, सुगंध लावून, ऋतूला अनुसरून वस्त्रे नेसून, आवडत्या मंडळींत बसून ती कशी प्यावी याचा विधी. कोणी काय प्यावे हेही सांगितले आहे. वातप्रकृतीच्यांनी गुळाचे किंवा पिठाचे मद्य, कफपित्त अधिक असलेल्यांनी द्राक्षाचे किंवा मधाचे. अध्याय पुढे सरकतो तसा सूर बदलतो. मद्याचे दहा गुण ओजाच्या दहा गुणांच्या थेट विरुद्ध आहेत आणि तेच गुण विषातही आहेत, असे चरक सांगतो. मदाच्या तीन अवस्थांपैकी तिसरीत गेलेला माणूस त्याला तुटून पडलेल्या लाकडासारखा, जिवंत असून मेल्यासारखा दिसतो. (फ्रेंच लोक या विकाराला 'लाकडी तोंड' म्हणतात. लाकूड दोन्हीकडे आले हा योगायोग.)

चिकित्सा काय? मद्यच. चरकाची उपपत्ती अशी की, अतिरिक्त मद्याने अन्नरस विदग्ध होऊन क्षार बनतो. क्षाराला आम्ल भेटले की तो मधुर होतो आणि आम्लांत मद्य श्रेष्ठ. म्हणून योग्य मात्रेत, योग्य द्रव्ये मिसळून तेच द्यावे. सुश्रुत हेच दरबारी उपमेने पटवतो. राजाचा कोप झालेल्याला राजाच प्रसन्न होऊन वाचवू शकतो, इतर कोणी नाही. तसेच मद्याने मारलेल्याचे. उपमा सुंदर आहे, पण उपमा म्हणजे पुरावा नव्हे, हे आम्हाला येथे नमूद करावेसे वाटते. चरक मात्र एकाच उपायाला चिकटून बसत नाही. मद्याने गुण येईनासा झाला की तो दुधाकडे वळतो. उन्हाळ्याने होरपळलेल्या झाडाला पाऊस, तसे मद्याने होरपळलेल्या देहाला दूध. मनाला क्षुब्ध केल्याखेरीज मद्य रोग उत्पन्न करू शकत नाही, म्हणून उपवने, कमळांची तळी, गाणे आणि मित्र यांचीही योजना त्याने केली आहे.

त्याच संहितेच्या सूत्रस्थानात मद्यविकारावर एक मंथ येतो: खजूर, मनुका, वृक्षाम्ल, चिंच, डाळिंब, फालसा आणि आवळा. वृक्षाम्ल म्हणजे आपले कोकम, असे सर्वसाधारणपणे मानतात. पाणी, फळांतील साखर आणि आंबटपणा यांचा हा मेळ आजच्या जाणकारालाही आक्षेपार्ह वाटणार नाही. कोकणातल्या घरी सकाळी पाहुण्यापुढे मुकाट्याने ठेवलेले आगळाचे सरबत हे त्या मंथाचेच गरीब भावंड.

हा उद्योग केवळ आमच्याकडे चालला असे नाही. रोमच्या केटोने शेतीवरील ग्रंथात सांगून ठेवले की, मेजवानीत भरपूर प्यायचे असेल तर आधी कच्ची कोबी व्हिनेगरसह खावी आणि नंतर आणखी पाच पाने. इजिप्तमधील ऑक्सिरिंकस येथील कचऱ्यात सापडलेल्या, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक पपायरसात मद्याने दुखणाऱ्या डोक्यासाठी एका झुडपाच्या पानांची माळ घालण्याचा उपाय आहे. तो मजकूर प्रसिद्ध झाला २०१५ साली. थोरल्या प्लिनीच्या नावावर घुबडाच्या अंड्यांचा उतारा सर्वत्र खपवला जातो. मूळ वाक्य पाहिले तर तीन दिवस मद्यातून ती अंडी दिल्यास मद्यपीला मद्याचा वीट येतो, एवढेच प्लिनी म्हणतो. तो व्यसनमुक्तीचा उपाय होता, डोकेदुखीचा नव्हे. आणि चावलेल्या कुत्र्याचेच केस औषध, ही इंग्रजी म्हण जॉन हेवुडच्या १५४६ च्या म्हणसंग्रहात मद्याच्याच संदर्भात येते. सौत्रामणी अशी सर्वत्र पोचली आहे.

आता रसायनाकडे. यकृतातील एक विकर मद्यार्काचे रूपांतर ॲसिटाल्डिहाइडमध्ये करते, दुसरे त्याचे ॲसिटेटमध्ये. मधला पदार्थ विषारी. १९४० च्या दशकात कोपनहेगनमध्ये हाल्ड आणि याकोबसेन यांनी, जंतांवर उपयोगी पडेल या आशेने, डायसल्फिराम स्वतः घेऊन पाहिले आणि मद्य घेताच ते आजारी पडले. दुसरे विकर बंद पडल्याचा तो परिणाम होता. परंतु केवळ या पदार्थाने सकाळचे कोडे सुटत नाही. कारण हा त्रास शिगेला पोचतो तो रक्तातील मद्य जवळजवळ शून्यावर आल्यावर. पाणी कमी होणे हेही अर्धेच उत्तर. मद्यामुळे मूत्र रोखणारे संप्रेरक दबते, म्हणून तहान लागते. पाण्याने तहान भागते, पण डोके आणि मळमळ राहतेच. मोडलेली झोप, जठराची आग, शरीरात उठलेला दाह आणि मद्याबरोबर आलेली इतर द्रव्ये या सर्वांचा त्यात वाटा आहे. २०१० च्या एका प्रयोगात बर्बन पिणाऱ्यांना व्होडका पिणाऱ्यांपेक्षा अधिक त्रास झाला. बर्बनमध्ये अशी द्रव्ये सदतीस पट होती. आधी बिअर की आधी वाइन हा वाद २०१९ मध्ये जर्मनीत नव्वद स्वयंसेवकांवर तपासला गेला. क्रमाने काहीच फरक पडला नाही.

उपायांचे काय? २००५ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आणि २०२२ मध्ये 'ॲडिक्शन' या नियतकालिकात उपलब्ध चाचण्यांचे आढावे आले. विश्वासार्ह पुरावा असलेला एकही उपाय त्यांत निघाला नाही. उरते ते साधेच: कमी पिणे, जेवून पिणे, सावकाश पिणे, मध्ये पाणी घेणे आणि नंतर झोप. कॉफी किंवा थंड पाण्याची अंघोळ यकृताला घाई करायला लावू शकत नाही. डोकेदुखीच्या गोळ्यांचाही विचार करावा लागतो. ॲस्पिरिनसारख्या गोळ्या आधीच चिडलेल्या जठराला आणखी छळतात आणि नित्य पिणाऱ्याच्या यकृताला पॅरासिटॅमॉल जड जाऊ शकते.

आणि तरीही सुश्रुताची ती राजाची उपमा एका ठिकाणी अक्षरशः खरी ठरते. विषारी दारूत मिथेनॉल असते. ते स्वतः फारसे घातक नाही. यकृतातील तेच पहिले विकर त्याचे फॉर्माल्डिहाइड करते, त्याचे पुढे फॉर्मिक आम्ल होते, आणि ते डोळ्यांची नस जाळते, प्राण घेते. त्या विकराला मिथेनॉलपेक्षा साधा मद्यार्क अधिक प्रिय. म्हणून रुग्णालयात मोजून दिलेला मद्यार्क, किंवा त्याऐवजी फोमेपिझोल, मिथेनॉलचे विष होऊ देत नाही आणि रक्तशुद्धी करून ते काढून टाकता येते. हे घरी बाटली उघडून साधण्याचे काम नाही. या विषाची लक्षणे बहुधा बारा ते चोवीस तासांनी दिसतात, तोवर सारे नेहमीच्या सकाळीसारखे वाटते. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक माणसे गेली. धूसर दिसणे आणि वाढत जाणारा श्वास ही परमदाची लक्षणे नव्हेत. तेथे झोपून राहणे म्हणजे वेळ दवडणे.

चरकाने ध्वंसक नावाचा आणखी एक विकार सांगितला आहे. मध्यंतरी मद्य सोडलेल्याने एकाएकी भरमसाट प्यायल्यास तो होतो. कफ सुटणे, कंठ सुकणे, झोपेसारखी गुंगी आणि आवाज सहन न होणे ही त्याची लक्षणे. याच्या नेमक्या उलट प्रसंग आम्ही लहानपणी पाहिला. आमच्या आळीत एक गृहस्थ होते. सकाळी हात इतके थरथरत की दाढीच्या वस्तऱ्याआधी पेला हाती घ्यावा लागे. त्याला ते उतारा म्हणत. एका आषाढीला त्यांनी गळ्यात माळ घातली आणि त्याच दिवशी दारू पूर्ण सोडली. तिसऱ्या रात्री त्यांना भिंतीवर मुंग्या दिसू लागल्या, मेलेले भाऊ हाक मारू लागले. घरच्यांनी बाहेरची बाधा ठरवून दहीभात, लिंबू आणि नारळ त्यांच्यावरून ओवाळून तिठ्यावर ठेवला. त्यालाही उतारा म्हणतात. पहाटे झटका आला तेव्हा कोणीतरी टांगा आणला. दवाखान्यातील डॉक्टरांनी सांगितले की, इतकी वर्षे रोज पिणाऱ्याने एकदम सोडले तर असे होते, सोडायची ती वैद्याच्या देखरेखीखाली, औषधे घेऊन सोडावी. काकांनी पुढे ती तशीच सोडली. माळ मात्र त्या रात्रीच्या ओढाताणीत तुटली होती. तिचे मणी काकू कित्येक दिवस केर काढताना वेचत होत्या.