रॉकेलचा नंबर

आमच्या घरात इंधनटंचाईचा इतिहास तिघांनी सांगितला आणि तिघांचंही एकमेकांशी कधी पटलं नाही. आजोबांच्या मते खरी टंचाई महायुद्धातली, त्यानंतरची सगळी नाटकं. काकांच्या मते खरी टंचाई ऐंशी सालची, कारण त्यांचा ऊस त्या वर्षी वाळला. आई दोघांचं ऐकून घ्यायची, ताटं वाढायची आणि म्हणायची, "तुमच्या टंचाईला साल तरी आहे. आमची बारमाही."

आजोबा युद्धाच्या काळात कऱ्हाड-चिपळूण सर्व्हिस मोटारीवर क्लीनर होते. पेट्रोलचं रेशनिंग १९४१ मध्येच सुरू झालं होतं. कुपनावर मिळणाऱ्या पेट्रोलात मोटार आठवडाभर चालणं शक्य नव्हतं, म्हणून मालकाने तिच्या पाठीवर कोळशाचा गॅसप्लँट बसवून घेतला. उभा लोखंडी पिंप, त्यात कोळसा पेटवायचा, हवा बेताचीच द्यायची, आणि अर्धवट जळण्यातून जो वायू निघतो तो गाळून इंजिनात सोडायचा. हे वाचायला सोपं आहे. आजोबांना त्यासाठी पहाटे उठून पंख्याचा दांडा हात भरून येईपर्यंत फिरवावा लागे, तेव्हा कुठे इंजिन खोकायला लागे. वायू विषारी. बंद जागेत दांडा फिरवला की डोकं भणभणायचं. त्याला ते 'गॅस लागणं' म्हणत आणि उपाय म्हणून मोकळ्या वाऱ्यात जाऊन पडत. ताकद पेट्रोलच्या मानाने बरीच कमी. सपाटीला मोटार कशीबशी पळे, घाटात मात्र सगळ्यांना खाली उतरावं लागे. "कुंभार्ली घाट उतारूंनी पायी चढायचा आणि मोटारीने सोबतीला यायचं," असं ते सांगत.

तेल गेलं कुठे, याचं उत्तर आजोबांना पुढे कधीतरी वर्तमानपत्रातून कळलं असावं. कारण ते 'रंगून' म्हणत तेव्हा आवाजात एक जाणतेपण येई. मार्च १९४२ मध्ये रंगून जपान्यांच्या हातात पडलं. पुढच्याच महिन्यात ब्रिटिशांनी येनांजाँगच्या तेलविहिरी स्वतःच्या हाताने उद्ध्वस्त केल्या, शत्रूला मिळू नयेत म्हणून. हिंदुस्थानात दिव्याला जळणारं कितीतरी रॉकेल ब्रह्मदेशातून येत असे. तिकडे इरावतीकाठी विहिरी पेटल्या आणि इकडे चिपळूणच्या बाजूला आजीच्या माहेरी कंदील विझले. त्या घरात पुन्हा उंडीच्या आणि करंजाच्या तेलाचा दिवा आला. आजीला त्या दिव्याच्या वासापेक्षा दुसरंच दुःख अधिक होतं. रॉकेल येईना म्हणून रॉकेलचे चौकोनी पत्र्याचे डबेही येईनात, आणि पाणी भरायला, भात उकडायला, धान्य ठेवायला त्या डब्यांवाचून घर अडत होतं.

आजोबांचा एक शेरा मात्र मला त्या सगळ्या युद्धकथेहून मोलाचा वाटतो. "पेट्रोल नव्हतं असं नाही रे. साहेबाच्या गाडीला होतं, बड्यांच्या लग्नाच्या वऱ्हाडाला होतं. नुसतं सर्व्हिस मोटारीला नव्हतं."

स्वातंत्र्यानंतर तुर्भ्याला तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले, १९५४ मध्ये एक, १९५५ मध्ये दुसरा. दहा-पंधरा वर्षं टंचाईचा विषय आमच्या घरात मागे पडला. मग आलं १९७३.

त्या साली ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटलं, अरब देशांनी तेल आखडलं, आणि पिंपामागे तीन डॉलरच्या आसपास असलेला भाव जानेवारी १९७४ मध्ये अकरा डॉलरच्या पुढे गेला. भारत काही अरबांच्या बहिष्काराच्या यादीत नव्हता, पण बिल सगळ्यांना तेच होतं. पेट्रोल महागलं म्हणून अटलबिहारी वाजपेयी नोव्हेंबरात बैलगाडीतून संसदेत गेले. अजूनही तेलटंचाई म्हटलं की तोच प्रसंग सांगितला जातो. आमच्या कऱ्हाडच्या आळीत तेव्हा पेट्रोल लागणारं वाहन होतं एक, तेही डॉक्टरांची स्कूटर. (लुना मोपेड नुकतीच निघाली होती. तिला पायडल होते, त्यामुळे पेट्रोल संपलं तर घाम गाळत का होईना, घरी पोचता येई.) बैलगाडी आळीत कुणाला नवलाची नव्हती. आळीची अडचण चुलीशी होती.

दुष्काळ दोन वर्षं मुक्कामाला होता. वखारीतलं लाकूड महाग, कोळसा महाग, म्हणून घराघरांत स्टोव्ह आले होते आणि ते सगळे रॉकेलवर. कच्च्या तेलाच्या पिंपातून रॉकेल, डिझेल आणि विमानाचं इंधन साधारण एकाच पट्ट्यातून निघतं. एक जास्त काढलं की दुसरं कमी होतं. शिवाय तयार रॉकेलही परदेशातून आणावं लागे. परकीय चलन आटलं की पहिली कात्री लागे ती रॉकेलच्या डब्याला, कारण डबा घेऊन उभी राहणारी बाई संसदेत बैलगाडी घेऊन जाऊ शकत नव्हती.

रेशन दुकानात रॉकेल कधी येणार, हे दुकानदार सांगत नसे. आदल्या रात्रीच दुकानासमोर डबे लागायचे. कुणाचा पत्र्याचा, कुणाची काचेची बाटली, कुणी डबा चोरीला जाईल या भीतीने नुसता दगड ठेवून जाई. सकाळी माणसं येऊन आपापल्या डब्याला उभी राहत. दगडावरून मात्र भांडणं होत, कारण दोन दगडांत फरक तो काय सांगणार! आम्हा पोरांना शाळेच्या वेळेपर्यंत उभं केलं जाई, मग आई येई. बॅरल आलं की त्यात पंप बसवायचा, मापात ओतायचं, नरसाळ्यातून डब्यात, आणि कार्डावर दुकानदार निळ्या शाईत आकडा टाकणार. माप भरताना फेस येई, त्या फेसासकट माप भरलेलं धरायचं. आई फेस बसेपर्यंत डबा हलवत नसे. मागची रांग ओरडायची, दुकानदार हात झटकायचा, ती ढिम्म. मला लाज वाटायची.

अर्धी रांग झाली की शब्द यायचा : "संपलं."

संपलं म्हणजे नक्की काय झालं, हे अख्ख्या आळीला माहीत होतं. संध्याकाळी तेच रॉकेल मागच्या दाराने हॉटेलवाल्याकडे जाई, आणि हॉटेलवाल्याचा पोऱ्या ते उघड उघड घेऊन जाई. तरी पुढच्या पंधरवड्याला रांग तिथेच. घाबरून साठा करणाऱ्यांवर आज पुष्कळ बोललं जातं. साठा करायला आधी दुसरा डबा लागतो आणि महिनाअखेरीला हातात रोख पैसा लागतो. आळीत अशी घरं दोन-तीन. बाकीच्या बायका उसनवारीवर होत्या. वाटीभर रॉकेल एका घरातून दुसऱ्या घरात जाई आणि परत येताना वाटीची खूणही पाहिली जाई.

मुंबईत आत्या होती, परळच्या चाळीत. तिथेही रांग हीच, पण तिथल्या बायकांनी ती मोडून काढली. महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती १९७२ मध्ये उभी राहिली. मृणाल गोरे समाजवादी, अहिल्या रांगणेकर कम्युनिस्ट, एरवी एका मांडवात न बसणाऱ्या पक्षांच्या बायका तेल, साखर, रवा आणि रॉकेल या चार गोष्टींवर एकत्र आल्या. लाटणी घेऊन मोर्चा निघाला, थाळ्या बडवल्या गेल्या, साठेबाजांच्या दारात बायका जाऊन बसल्या. आत्या त्यात होती. तिला पुढाऱ्यांची भाषणं काही आठवत नसत. तिला आठवे ते एवढंच, की मोर्चाला निघताना सासूने विचारलं, "लाटणं कुठे नेतेस?" आणि तिने सांगितलं, "रॉकेल आणायला." त्या महिन्यात तिच्या दुकानात रॉकेल शेवटच्या डब्यापर्यंत पुरलं, असं ती सांगे. त्यानंतर किती महिने पुरलं, हे मी विचारलं की विषय बदले.

काकांचं ऐंशी साल आता थोडक्यात सांगतो. ते स्वतः थोडक्यात सांगत नसत. इराणात १९७९ मध्ये क्रांती झाली, तेल पुन्हा भडकलं. त्याच वर्षाच्या अखेरीस आसामच्या आंदोलकांनी तिथलं कच्चं तेल बाहेर जाऊ देणं बंद केलं आणि बरौनीचा तेलशुद्धीकरण कारखाना अडला. वाळव्याच्या शेतात विहिरीवर किर्लोस्करचं डिझेल इंजिन होतं. डिझेल तहसील कचेरीच्या चिठ्ठीवर, आणि चिठ्ठी ओळखीवर. काका बैलगाडीत बॅरल टाकून पंपावर जात, रात्री बॅरललाच पाठ लावून झोपत. एकदा इंजिन सुरू ठेवायला त्यांनी घरातलं रॉकेल ओतलं. उसाला एक पाणी मिळालं. काकूने मात्र तो महिना काटक्यांवर काढला, आणि हे कळलं तेही काका गेल्यावर, काकूच्या तोंडून.

कुवेतचं प्रकरण ऑगस्ट १९९० मधलं. इराकने कुवेत घेतलं, आणि तिथून १ लाख ७० हजारांहून अधिक भारतीय अम्मानमार्गे विमानांनी परत आणले गेले. आमच्या शेजारच्यांचा रत्नागिरीचा जावई त्यांतच होता. तेलाच्या विहिरींच्या देशात आठ वर्षं काढलेला माणूस ऑक्टोबरात सासऱ्याचं कार्ड घेऊन आमच्या दुकानासमोर उभा होता, हे पाहून आई हसली. तिला त्यात क्रूरपणा वाटला नाही. "बरं झालं, एक पुरुष तरी रांगेत आला," म्हणाली.

मधल्या काळात घरोघर गॅस आला. आधी वर्षानुवर्षं प्रतीक्षायादी, खासदारांच्या कोट्यातली कुपनं, मग हळूहळू सगळ्यांना. आमच्याही घरातला स्टोव्ह माळ्यावर गेला. पण रॉकेल दुकानात येतच होतं, सरकारी सवलतीचं, ओळखू यावं म्हणून निळा रंग दिलेलं. डिझेलपेक्षा ते इतकं स्वस्त होतं की ते डिझेलात मिसळण्याचा मोठा धंदा झाला. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडीच्या परिसरात मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी भेसळ चालू असताना पकडली, आणि त्यांना तिथेच जिवंत जाळण्यात आलं. ती बातमी आईने दोनदा वाचली. "म्हणजे आमचं 'संपलं' झालेलं रॉकेल तिकडे जात होतं," एवढंच म्हणाली. आजोबांच्या शेऱ्यापासून इथपर्यंत सत्तर वर्षांचा रस्ता सरळ आहे : माल असतो, तो कुणाच्या दारात उतरतो एवढाच प्रश्न असतो.

पानेवाडीचं नाव पुन्हा आलं ते १ जानेवारी २०२४ ला. तिथे तेल कंपन्यांचे मोठे साठे आहेत, मुंबईहून नळाने इंधन येतं आणि टँकरने खानदेश, मराठवाडा, विदर्भापर्यंत जातं. नव्या भारतीय न्याय संहितेत, बेदरकारपणे गाडी चालवून कुणाचा जीव घेऊन न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. तिच्या विरोधात टँकरचालकांनी गाड्या उभ्या केल्या. बघता बघता नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, मुंबई, सगळीकडे पंपांवर रांगा. मी नाशिकला राहतो, आमच्या समोरच्याच पंपावर रात्री फलक लागला.

पेट्रोल संपलं कसं, याचं गणित साधं आहे. दुचाकीवाला रोज शंभराचं टाकतो, म्हणजे लिटरही भरत नाही. त्याच्या टाकीत पाच लिटर मावतात. एका रात्रीत सगळ्यांनी टाकी भरली तर पंपाचा काही दिवसांचा साठा काही तासांत वाटून होतो. एक टँकर बारा किंवा वीस हजार लिटर आणतो आणि तो येणार नाही, हे तोवर सगळ्यांच्या फोनवर पोचलेलं असतं. पेट्रोल शहरातच असतं, फक्त पंपाखालच्या टाकीतून निघून घराखाली उभ्या असलेल्या टाक्यांमध्ये जाऊन बसतं.

आई आता पंच्याऐंशीच्या पुढे आहे. टीव्हीवरच्या रांगा पाहून तिने विचारलं, "यात डबेवाल्या बायका दिसतात का?" म्हटलं, स्कूटीवर मुली आहेत की. "गाडीवरच्या नाही, डबा घेतलेल्या." तशी एकही नव्हती. "मग दोन दिवसांत मिटतंय."

२ जानेवारीच्या रात्री केंद्रीय गृहसचिवांनी वाहतूकदारांशी बोलणी केली, तरतूद इतक्यात लागू होणार नाही असं सांगितलं आणि संप मागे घेतला गेला. न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, पण ते पोटकलम तेवढं बाजूला ठेवण्यात आलं. गाड्यांच्या रांगेला दोन दिवसांत न्याय मिळाला. डब्यांची रांग चाळीस वर्षं उभी होती आणि तिच्यासाठी गृहसचिव रात्री जागल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

या दुसऱ्या रांगेची नोंद वर्तमानपत्रांत तुरळक सापडते. ती आहे ती जुन्या रेशनकार्डांवर, रॉकेलच्या रकान्यात : तारीख, लिटर, दुकानदाराची सही, आणि ज्या पंधरवड्यांना 'संपलं' त्यांचे रिकामे चौकोन. नवी कार्डं मिळाली तेव्हा बहुतेकांनी जुनी रद्दीत दिली. तुमच्या घरात एखादं उरलं असेल तर ते टाकू नका. घरातल्या म्हातारीला शेजारी बसवून एकेक रिकामा चौकोन विचारा, आणि ती काय सांगते ते लिहून ठेवा.