दोन मोत्यांचे पत्र

1761 च्या जानेवारीत, भाऊसाहेबांच्या कुमकेस उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांच्या मुक्कामी, भेलशाच्या आसपास, जो कासीद हाती लागला त्याच्याजवळचे पत्र पेशव्यांच्या नावचे नव्हतेच; ते एका सावकाराने आपल्या पेढीस धाडले होते, आणि दोन मोती गळाले, मोहरा गमावल्या, रुपये व खुर्दा किती बुडाला त्याची गणती नाही, अशा आशयाच्या त्या मजकुरात परक्या वाचकास व्यापारातील खोटीपलीकडे काहीच दिसले नसते. परंतु मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे नामांकित सरदार, आणि खुर्दा म्हणजे ज्यांची नावे कोणत्याच दप्तरात चढली नाहीत ते असंख्य शिपाई व बुणगे, हे ज्याचा पुत्र आणि चुलतभाऊ पानिपताच्या रणात होते त्या पित्यास उमगावयास कितीसा वेळ लागणार! 23 जूनला नानासाहेबांनी पर्वतीवर देह ठेवला.

शत्रूच्या मुलखातून जाणारे पत्र वाटेत फोडले गेले तर फोडणाऱ्याची दिशाभूल व्हावी, याच हेतूने ती भाषा योजिली होती. तरीही तिला असत्य म्हणावयास माझे मन धजत नाही, कारण तीत हानीचा आकडा एका कवडीनेही कमी केलेला नव्हता, आणि ज्याला कळावयास हवे त्याला सारे कळत होते.

पुण्याच्या वाड्यात मात्र निराळेच घडले. मस्तकावाचून सापडलेले भाऊंचे धड ओळखले जाऊन त्यास अग्नी दिल्याची हकीकत शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने लिहून ठेविली आहे. पण पानिपताहून जिवंत परतलेल्या भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांच्यासमोर तो शब्द कोणी उच्चारावा? फुटलेल्या बांगडीलाही ‘वाढवली’ म्हणणारी आमची घरे. त्यात वैधव्य म्हणजे केशवपन आणि कोनाडा, हे ठाऊक असलेल्या आप्तांनी मृत्यूची निश्चिती नाही एवढ्याच धाग्यावर त्या माउलीचे सौभाग्य तोलून धरले, याबद्दल मी त्यांना दोष देणार नाही. दोष द्यावयाचा तर त्या रूढीला, जिच्या धाकाने सत्यालाच दाराबाहेर तिष्ठत राहावे लागले.

पण उघड्या राहिलेल्या त्या दारातून दुसराच कोणी आत शिरला. सुखनिधान नावाचा कनोजा ब्राह्मण भाऊ म्हणून प्रकटला; थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत चौकशीअंती तोतया ठरून कैदेत पडला; आणि 1776 साली रत्नागिरीच्या सुभेदारानेच त्यास खरा मानून सोडविताच कोकणात हजारो लोक त्याच्या निशाणाखाली जमले. भाऊंच्या परतीची आशा ज्यांनी पंधरा वर्षे उरी जपली होती, त्या भाबड्या रयतेला बंडखोर म्हणणे मला अन्यायाचे वाटते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुण्यात तोतयाला देहान्त शासन झाले.

पार्वतीबाई 1783 मध्ये वारल्या, तेव्हाही त्यांच्या कपाळी कुंकू होते.